नाशिक सोडायचं नाही, पण ऑटो उद्योग सोडावा का? फायनान्समधल्या पुढच्या पायरीबद्दल सल्ला हवा आहे

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. इथे फायनान्समधली अनुभवी मंडळी बरीच आहेत, त्यातली काही नाशिकचीही आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

मी सीए आहे. आर्टिकलशिप नाशिकमध्येच झाली. त्यानंतरची सगळी नोकरी वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत, आधी सातपूरच्या आणि आता अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. कॉस्टिंगपासून सुरुवात केली, आता प्लांटची फायनान्स हेड आहे. मंथ-एंड क्लोजिंग, बजेट, कॉस्ट शीट, ऑडिट, बँक, जीएसटी सगळं माझ्याकडे आहे. पण कर्ज कुठून उचलायचं, नवी लाइन टाकायची का, कोणत्या ग्राहकाला काय दर द्यायचा हे सगळं पुण्याच्या हेड ऑफिसात ठरतं. मी आकडे पाठवते आणि ठरलेलं मेलवर कळतं.

मला सीएफओ, म्हणजे कंपनीची मुख्य वित्त अधिकारी, व्हायचंय. तीन वाटा समोर आहेत.

पहिली, याच ग्रुपमध्ये पुण्याला बदली, तीन प्लांटची जबाबदारी. दुसरी, दिंडोरीकडच्या एका वाइन कंपनीत फायनान्स हेड. वर्ष-दीड वर्षात सीएफओ करू असं ते म्हणतात. तिसरी, नाशिकमध्येच एका हॉस्पिटल ग्रुपमध्ये. सासू-सासरे इथे आहेत, मुलगी आठवीत आहे, त्यामुळे पुण्याला मन तयार होत नाही. पण केवळ घरासाठी अनोळखी उद्योगात उडी घेतली आणि तिथे जमलं नाही, तर परत ऑटोत कोण घेणार, हीही भीती आहे. एका मुलाखतीत मला सरळ सांगितलं गेलं की तुम्ही प्लांट फायनान्समधल्या आहात, आमचा धंदा तुम्हाला समजायला दोन वर्षं जातील.

खरंच दोन वर्षं जातात का? आणि नेमकं काय समजून घ्यायचं असतं?

जुना_कंट्रोलर

गोदाकाठ, चांगला प्रश्न मांडलात. मी आता निवृत्त आहे. ऑटो, मग इलेक्ट्रिकल, शेवटी औषधं, असे तीन उद्योग नाशिक परिसरातच पाहिले.

उद्योग बदलताना लेखांकनाला कोणी घाबरू नये. क्लोजिंग, ऑडिट, टॅक्स, ईआरपी, बँकेची कागदपत्रं यातलं बहुतेक सगळं तुमच्याबरोबर जसंच्या तसं येतं. शिकावं लागतं ते एवढंच: या धंद्यात रुपया कुठे अडकतो, किती दिवस अडकतो आणि तो सोडवणं कोणाच्या हातात असतं. हे ज्याला तीन महिन्यांत कळलं तो टिकतो. ज्याला वर्षभरात कळत नाही, त्याचे आकडे बरोबर असले तरी मीटिंगमध्ये त्याला कोणी विचारत नाही.

ऑटोतली ही उत्तरं तुम्हाला तोंडपाठ असतील. ग्राहक मोजके. शेड्यूल त्यांच्याकडून येतं आणि महिन्याच्या मध्यात बदलतं. पोलादाचा दर वाढला तर सेटलमेंट पुढच्या तिमाहीत, तोवरचा फरक आपण सोसायचा. दरवर्षी किंमत थोडी कमी करून द्यायचा करार. टूलिंगचे, म्हणजे साच्यांचे आणि हत्यारांचे, पैसे ग्राहक एकरकमी देणार की पीस रेटमधून वसूल करायचे, हा कायमचा वाद. ग्राहकाच्या लाइनवर नाकारलेल्या भागांचे पैसे कापणाऱ्या डेबिट नोटा. आणि दुसऱ्या बाजूला सिन्नर, अंबडमधले छोटे पुरवठादार. प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आल्यापासून, म्हणजे २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे १५ किंवा ४५ दिवसांच्या मुदतीपलीकडे थकवले तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात मान्य होत नाही. तुमचं येणं आणि तुमचं देणं यांच्यामध्ये तुम्ही उभ्या असता. ही कसरत ज्यांना जमते त्यांना रोख पैशाची शिस्त कोणी शिकवायला लागत नाही. हे तुमचं भांडवल आहे. मुलाखतीत हे बोला.

दुसरी गोष्ट, जिच्यावर मी ठाम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उद्योग बदलला तर काम ओळखीचं असावं, काम मोठं झालं तर उद्योग ओळखीचा असावा. दोन्ही एकदम बदलायचं असेल, तर त्या धंद्यात मुरलेला एखादा माणूस तुमच्या बाजूला बसलेला हवा: जुना कमर्शियल मॅनेजर, प्लांट हेड, कोणीही. वाइन कंपनीत असा कोण आहे, ते आधी शोधा.

द्राक्षपंढरी

मी सीएमए (कॉस्ट अकाउंटंट), द्राक्षप्रक्रियेत आहे. वाइनबद्दल लिहितो, कारण बाहेरून हा धंदा फार गोड दिसतो.

तुमच्याकडे माल दर आठवड्याला येतो, दर आठवड्याला जातो. आमच्याकडे वर्षभराचा कच्चा माल साधारण जानेवारी ते मार्च या काळात येतो. त्या तीन महिन्यांत शेतकऱ्यांची देणी उभी राहतात, कूलिंगचं वीजबिल वर जातं, हंगामी मजूर लागतात, आणि विक्रीचं शिखर मात्र वर्षअखेरीस, सणांच्या आणि थंडीच्या दिवसांत. पांढरी वाइन लवकर बाजारात जाते. लाल रिझर्व्ह असेल तर ती बॅरलमध्ये वर्ष आणि त्याहून जास्त राहते. म्हणजे आज घेतलेल्या द्राक्षाचा रुपया पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी परत येतो. साठा बारा महिन्यांत विकला जाणार नसला तरी तो चालू मालमत्तेतच दाखवला जातो, कारण धंद्याचं चक्रच तेवढं लांब आहे. बँकेच्या नव्या अधिकाऱ्याला हे समजावणं हे आमचं दरवर्षीचं काम. त्याला तो माल पडून राहिलेला वाटतो.

आता कर. मद्य जीएसटीबाहेर आहे. बाटली, बूच, लेबल, खोका, वाहतूक, सल्लागार, मशीन सगळ्यावर जीएसटी भरायचा आणि वाइनच्या विक्रीसमोर त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. तो सरळ खर्चात जातो. ऑटोतून आलेल्या माणसाला हा पहिला धक्का असतो, कारण तिथे इनपुट क्रेडिट हातात धरूनच सगळी कॉस्ट शीट बनते. त्यात कंपनीचं रिसॉर्ट, रेस्टॉरंट, टेस्टिंग रूम असेल तर काही उत्पन्न जीएसटीत येतं, काही बाहेर राहतं, मग सामाईक खर्चाचं क्रेडिट जीएसटीच्या नियम ४२ आणि ४३ प्रमाणे वाटून घ्यावं लागतं. हे दर महिन्याला नीट केलं नाही तर दोन वर्षांनी नोटीस येते आणि उत्तर द्यायला तेव्हाचं कोणी जागेवर नसतं.

राज्य बदललं की नियम बदलला. उत्पादन शुल्क वेगळं, लेबल नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी. तमिळनाडू, केरळमध्ये घाऊक खरेदीदार सरकारी महामंडळच असतं. तिथे पैसे बुडत नाहीत, पण कधी येतील ते आपल्या हातात नसतं. महाराष्ट्रात व्हॅटच्या परताव्याची योजना आहे, ते येणंही सरकारकडून. नफ्यात दिसतं, बँकेत नंतर येतं.

स्वतःची बाग असेल तर आणखी एक. इंड-एएस ही लेखामानकं लागू असलेल्या कंपनीत वेल हा यंत्रासारखा स्थिर मालमत्तेत बसतो आणि त्याचा घसारा निघतो, पण वेलीवरचं फळ जैविक मालमत्ता म्हणून रास्त मूल्याला धरावं लागतं. ३१ मार्चला बागेत किती घड उरलेत आणि त्यांची किंमत काय, हे ऑडिटर विचारतो. त्या दिवशी तुम्ही बागेत उभ्या असायला हव्यात, एक्सेलपुढे नाही.

एवढं सगळं असूनही या म्हणेन. सुला ही नाशिकची वाइन कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. नाशिकच्या मातीतल्या धंद्याला दर तिमाहीचे निकाल, गुंतवणूकदारांचे प्रश्न, ऑडिट कमिटी हे सगळं आलं. पुढच्या कंपन्यांनाही तशी माणसं लागणार आहेत, आणि ती नाशिकमध्येच बसणारी लागणार आहेत.

गोदाकाठ

द्राक्षपंढरी, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. क्रेडिट न मिळण्याचा मुद्दा माहीत होता, पण रिसॉर्टमुळे होणारं वाटप डोक्यातच आलं नव्हतं. या कंपनीचंही रिसॉर्ट आहे.

हॉस्पिटलमधलं कोणी आहे का इथे?

शुभ्रकमळ

मी आहे. वीज उपकरणांच्या कारखान्यातून हॉस्पिटलमध्ये आले.

कारखान्यात माल दिसतो. हॉस्पिटलमध्ये विकली जाते ती खाट आणि ऑपरेशन थिएटरची वेळ, आणि आजची रिकामी खाट उद्या विकता येत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून बघायचं ते: खाटा किती भरल्या, रुग्ण सरासरी किती दिवस राहिला, एका भरलेल्या खाटेमागे रोजचं उत्पन्न किती. रुग्ण पॅकेजमध्ये असेल आणि दोन दिवस जास्त राहिला, तर ते दोन दिवस आपल्या खर्चाने.

येणं कुठे अडकतं तर विमा कंपन्या आणि त्यांचे दावे हाताळणारे मध्यस्थ, म्हणजे टीपीए, यांच्याकडे. प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं नाही. डिस्चार्जनंतर फाइल जाते, क्वेरी येते, एखादा रिपोर्ट नाही, एखादी सही नाही, मग डिडक्शन. सरकारी योजनेतल्या रुग्णांचे दर ठरलेले आणि पैसे त्यांच्या वेळेप्रमाणे. मी आल्यावर सगळ्यात जास्त वेळ बिलिंगच्या खोलीत आणि वॉर्डातल्या सिस्टरांबरोबर घालवला. क्लेम कापला जाण्याचं मूळ बहुतेक वेळा अकाउंट्समध्ये नसतं, वॉर्डात वेळेवर न लिहिलेल्या नोंदीत असतं.

आरोग्यसेवा जीएसटीतून मुक्त आहे, म्हणून इथेही इनपुट क्रेडिट नाही. एमआरआय मशीन घ्या, त्यावरचा जीएसटी मशीनच्या किमतीतच मिसळतो. आयसीयू सोडून, दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के लागतो, तोही क्रेडिटशिवाय. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयातल्या स्टेंटच्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली. असा आदेश निघाला की दुसऱ्या दिवशी पॅकेजचं गणित नव्याने मांडावं लागतं. ऑटोत किंमत कमी करायला ग्राहक वर्षभर घासाघीस करतो, इथे एका अधिसूचनेत होतं.

आणि डॉक्टर. डॉक्टरांचा मोबदला कुठे केसप्रमाणे, कुठे किमान हमी देऊन, कुठे पगारावर. हाच सगळ्यात मोठा खर्च आणि तेच उत्पन्न आणणारे. त्यांच्याशी आकड्यांवर बोलायचं तर आधी त्यांचं काम समजून घ्यावं लागतं. मी एका हृदयशल्यचिकित्सकांना विचारून पूर्ण ऑपरेशन बाहेरच्या काचेतून पाहिलं होतं. त्यानंतर कन्झ्युमेबल्सवर, म्हणजे ऑपरेशनला लागणाऱ्या वापराच्या सामानावर, आमचं बोलणं एकदम सोपं झालं.

दोन वर्षं लागत नाहीत, ताई. पण पहिले सहा महिने केबिनमध्ये बसलात तर दोन वर्षंही पुरणार नाहीत.

ओझरकर

मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका.

चाळिशीच्या आसपास उद्योग बदलला की तुमचं नाव पुन्हा पहिल्यापासून कमवावं लागतं. ऑटोत आज तुम्हाला ग्राहकाच्या खरेदी विभागातला माणूस ओळखतो, बँकेचा माणूस ओळखतो, ऑडिटर ओळखतो. ही ओळख पगारात दिसत नाही, पण अडचणीच्या महिन्यात तीच उपयोगी पडते. वाइनमध्ये ती शून्य.

शिवाय ऑटोत आत्ता घडामोडींचा काळ आहे. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे इंजिन आणि ट्रान्समिशनचे भाग बनवणाऱ्यांना पुढची गुंतवणूक कुठे करायची हे ठरवावंच लागणार आहे. जुनी लाइन किती वर्षं चालेल, नव्या भागासाठी किती भांडवल, कर्ज किती झेपेल, हे प्रश्न फायनान्सचेच आहेत. अशा वेळी पुण्याला तीन प्लांट हातात आले तर दोन-तीन वर्षांत तुम्ही त्या निर्णयाच्या टेबलावर असाल. नाशिक-पुणे रस्ता त्रासाचा आहे हे मान्य, पण मुलगी बारावीला जाईपर्यंत घरी परतता येईल.

आणि नाशिकमधल्या कुटुंबाच्या कंपन्यांत सीएफओ हे पद खूपदा कार्डापुरतं असतं. चेकवर सही मालकांची, बँकेशी बोलणं मालकांचं, दर मालकांच्या मुलाने ठरवलेला. मी अशा एका ठिकाणी काम केलंय. तिथून बाहेर पडल्यावर लोक विचारतात, तुम्ही काय ठरवलंत? उत्तर देता येत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस

ओझरकरांचा शेवटचा मुद्दा अगदी खरा. पहिला नाही पटला.

सातपूरला ज्यांचा कारखाना आहे त्या महिंद्राचंच उदाहरण घ्या. अनिश शहा मूळचे वित्तसंस्थांमधले: सिटी बँक, बँक ऑफ अमेरिका, नंतर जीई कॅपिटल इंडियाचे प्रमुख. २०१४ मध्ये महिंद्रा ग्रुपमध्ये आले ते स्ट्रॅटेजीत. २०२० मध्ये उपव्यवस्थापकीय संचालक आणि ग्रुप सीएफओ, आणि एप्रिल २०२१ पासून एमडी आणि सीईओ. कर्जाच्या धंद्यातून ट्रॅक्टर आणि गाड्यांच्या धंद्यात. पण क्रम बघा. आल्या आल्या वित्ताची खुर्ची नाही घेतली. आधी काही वर्षं ग्रुपमधले वेगवेगळे धंदे आतून पाहिले, मग घेतली. जुना_कंट्रोलर सर म्हणतात तेच मोठ्या प्रमाणावर.

इंद्रा नूयी यांचंही तसंच. मोटोरोला, मग एबीबी, मग १९९४ मध्ये पेप्सिकोत स्ट्रॅटेजी, त्यानंतर सीएफओ आणि २००६ मध्ये सीईओ.

ओझरकर

उदाहरणं मोठी आहेत, पण ती ग्रुप पातळीवरची आहेत. तिथे खाली प्रत्येक धंद्याचा वेगळा फायनान्स हेड बसलेला असतो. दिंडोरीत तुम्हीच क्लोजिंग करणार आणि तुम्हीच स्ट्रॅटेजी. शिकायला वेळ कोण देणार?

पंचवटी_एक्सप्रेस

हे मान्य. म्हणूनच खाली टीम कोण आहे ते बघणं महत्त्वाचं. क्लोजिंग स्वतंत्रपणे करू शकणारा एक माणूस तिथे नसेल, तर ताई पहिलं वर्ष व्हाउचर आणि रिकन्सिलिएशनमध्येच अडकतील.

मी स्वतः कारखान्यातून मुंबईला एनबीएफसीत, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्जं देणाऱ्या वित्तसंस्थेत, गेलो. माझ्या मते सगळ्यात अवघड उडी तीच. तिथे पैसा हाच कच्चा माल आणि पैसा हाच पक्का माल. कर्जं पाच वर्षांची दिली आणि पैसे एक वर्षाचे उचलले तर काय होतं, हे २०१८ मध्ये आयएलएफएस ही वित्तसंस्था कोसळल्यानंतर सगळ्यांनी पाहिलं. कारखान्यातली वर्किंग कॅपिटलची समज तिथे थेट चालत नाही. वाइन किंवा हॉस्पिटल त्या मानाने जवळ आहेत. माल, माणसं, मशीन, वसुली हे तुमच्या ओळखीचं जग आहे.

मुलाखतीसाठी एक सूचना. रेझ्युमेत क्लोजिंग, ऑडिट, कॉम्प्लायन्स सांभाळलं असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. तुमच्यामुळे काय बदललं ते लिहा. टूलिंगची अडकलेली वसुली आणली असेल, साठा कमी केला असेल, एखादा तोट्यातला भाग बंद करायला लावला असेल. आणि त्या निर्णयाला विरोध कोणी केला, तुम्ही त्यांना कसं पटवलं, हे सांगायची तयारी ठेवा. सीएफओच्या मुलाखतीत याच गोष्टीवर अर्धा तास जातो.

कर्जखाते

मी बँकेत, उद्योगांच्या कर्जांच्या बाजूला. वरची चर्चा उद्योगाची चालली आहे. मी कंपनीबद्दल लिहितो, कारण मी पाहिलेल्या चांगल्या फायनान्सवाल्यांपैकी बरेच चुकीच्या उद्योगामुळे नाही, चुकीच्या कंपनीमुळे अडकले.

कंपनी तुमची मुलाखत घेते, तशी तुम्ही तिचा ताळेबंद तपासा. सीए असून बरेच जण हे करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोडी फी भरून कागद बघता येतात. शेवटच्या तीन वर्षांचे ताळेबंद काढा. ऑडिटर मुदतीआधी बदललाय का ते बघा. राजीनामा असेल तर ऑडिटरने भरलेल्या एडीटी-३ या फॉर्ममध्ये कारण लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. कॅरो २०२० चा, म्हणजे ऑडिटरने ठरलेल्या मुद्द्यांवर द्यायचा, अहवाल वाचा. वैधानिक देणी, म्हणजे पीएफ, टीडीएस, जीएसटी, थकलीत का. आणि बँकेकडून ५ कोटींवर वर्किंग कॅपिटल कर्जाची मर्यादा असेल तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं पुस्तकांशी जुळतात का, यावर ऑडिटरला लिहावंच लागतं. तिथे फरक दाखवला असेल तर समजा की स्टॉक स्टेटमेंट कोणीतरी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे साठ्याच्या तारणावर उचलता येणारी रक्कम, वाढवायला फुगवत होतं. तुम्ही गेल्यावर त्यावर सही तुमची असेल.

कोणत्या बँकेचा बोजा कशावर आहे, ते चार्जेसच्या नोंदीत दिसतं. दर वर्षी नवी बँक, जुनीचं कर्ज नवीकडे, असं दिसलं तर कारण विचारा. कंपनीला रेटिंग असेल तर क्रिसिल, इक्रा, केअर या पतमानांकन संस्थांच्या संकेतस्थळावर रेटिंगचं कारणपत्र मोफत मिळतं. धंद्याची ताकद, कमजोरी, मर्यादेचा वापर किती टक्के चाललाय, हे त्यात बहुधा दोन-तीन पानांत असतं. रेटिंगसमोर कंपनीने माहिती दिली नाही असा शेरा असेल तर दोनदा विचार करा.

आणि शेवटचं, ज्याबद्दल संकोच वाटून कोणी विचारत नाही: खातं गेल्या दोन वर्षांत एसएमएत, म्हणजे बँकेच्या थकबाकीच्या इशारा-यादीत, गेलं होतं का? हप्ता ३१ ते ६० दिवस थकला की एसएमए-१, ६१ ते ९० की एसएमए-२, त्यापुढे एनपीए, म्हणजे बुडीत वर्गातलं कर्ज. हंगामी धंद्यात एखाद्या वेळी उशीर होऊ शकतो, ते मी समजू शकतो. पण मालकांनी हा प्रश्न ऐकून विषय बदलला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

जुना_कंट्रोलर

कर्जखाते, फार मोलाचं लिहिलंत. हा प्रतिसाद प्रत्येक तरुण सीएने जपून ठेवावा.

ओझरकरांच्या कार्डापुरत्या सीएफओवर थोडं लिहितो, कारण तिथे कायद्याचीही बाजू आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २०३ प्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना, आणि भरणा झालेलं भागभांडवल १० कोटी किंवा जास्त असलेल्या पब्लिक कंपन्यांना, पूर्णवेळ सीएफओ नेमावा लागतो. तो केएमपी (कायद्याने ठरवलेला प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी), म्हणजे जबाबदारी वैयक्तिक. सीएफओ नेमलेला असेल तर कलम १३४ प्रमाणे वार्षिक हिशेबांवर त्याची सही लागते. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर निकालांत काही खोटं किंवा दिशाभूल करणारं नाही असं सीईओ आणि सीएफओ यांना प्रमाणित करावं लागतं. अधिकार कार्डापुरते आणि जबाबदारी पूर्ण, अशी खुर्ची घेऊ नये.

म्हणून पद स्वीकारण्याआधी, तोंडी नको, लेखी: किती रकमेपर्यंत मंजुरी तुमची, बँकेच्या खात्यावर सही कोणाची, खरेदीदर आणि डिस्काउंट ठरवताना फायनान्सची संमती लागते का, तुम्ही अहवाल मालकांना देणार की संचालक मंडळाला. बोर्ड मीटिंगला तुम्ही बसणार का, हेही. आणि वर्ष-दीड वर्षात सीएफओ करू याला तारीख आणि अट घालून घ्या. प्रामाणिक मालकाला हे प्रश्न आवडतात. नाशिकमध्ये असे बरेच आहेत, हेही लिहायला हवं. निमा, आयमा या इथल्या उद्योजक संघटनांच्या बैठकांना मी पाहिलेले किती तरी दुसऱ्या पिढीतले उद्योजक खरोखर असा माणूस शोधत असतात, जो त्यांना नाही म्हणू शकेल.

पुण्याची वाट वाईट नाही. पण तुमच्या पहिल्या पोस्टमधलं दुखणं असं की आकडे तुमचे आणि निर्णय हेड ऑफिसचा. पुण्याच्या त्या पदावर निर्णय मिळणार आहे की फक्त तीन प्लांटचे आकडे गोळा करायचे आहेत? हे तुमच्या सध्याच्या ग्रुप सीएफओंना समोर बसून विचारा.

गोदाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा-तीनदा वाचले. मधे थोडे दिवस गेले, कारण सांगितलेलं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

ग्रुप सीएफओंना भेटले. त्यांनी स्पष्टपणे सांगितलं की पुण्यात कर्ज आणि भांडवली खर्च हेड ऑफिसकडेच राहणार, माझ्याकडे अहवाल आणि नियंत्रण. प्रामाणिक उत्तर दिलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ती वाट मी बंद केली.

हॉस्पिटल ग्रुपचं रेटिंग कारणपत्र वाचलं. विस्तारासाठी मोठं कर्ज घेतलंय, नव्या इमारतीचं काम चालू आहे. शुभ्रकमळ, तुमच्याशी विपूत (विचारपुशीत) बोलल्यावर वाटलं की तिथे आत्ता गरज आहे ती प्रोजेक्ट फायनान्सच्या माणसाची, आणि ते मी कधी केलेलं नाही. सरांच्या नियमाप्रमाणे दोन्ही एकदम बदलतंय.

वाइन कंपनीचे ताळेबंद पाहिले. ऑडिटर स्थिर, देणी वेळेवर, बँक बरीच वर्षं एकच. बँकेच्या कर्जमर्यादेचा वापर मार्च-एप्रिलमध्ये जवळजवळ पूर्ण, जे आता मला समजतं. एसएमएचा प्रश्न मी विचारला. मालकांच्या कन्येने स्वतः बँकेची पत्रं समोर ठेवली. अकाउंट्सचे जुने मॅनेजर अजून चार वर्षं आहेत, क्लोजिंग तेच करतात. मंजुरीची मर्यादा आणि बोर्ड मीटिंगला बसणं ऑफर लेटरमध्ये लिहून द्यायला ते तयार आहेत. सीएफओच्या पदाची तारीख मात्र अजून टाळतायत, त्यावर बोलणं चालू आहे.

एक प्रश्न राहिला. माझा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा. रुजू कधी व्हावं? ते म्हणतात एप्रिलपासून, नव्या आर्थिक वर्षात.

जुना_कंट्रोलर

एप्रिल नको. एप्रिलमध्ये गेलात तर ज्या वर्षात तुम्ही नव्हतात त्याचं ऑडिट तुमच्या गळ्यात येईल, आणि पहिले तीन-चार महिने जुन्या माणसांनी केलेल्या नोंदींची उत्तरं देण्यात जातील. ऑडिट संपून सही झाल्यावर, म्हणजे सप्टेंबरनंतर जा. सीएफओच्या तारखेबद्दल: पुढच्या वर्षाचे हिशेब ज्या बोर्ड मीटिंगमध्ये मंजूर होतील, ती मीटिंग धरा. सही तुमची हवी असेल तर पदही त्याआधी हवं, हे त्यांना पटेल.

द्राक्षपंढरी

सरांशी पूर्ण सहमत, आणि पिकाच्या बाजूनेही तेच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. त्या सुमारास या. शेतकऱ्यांशी करार, कोणत्या जातीचा किती टन माल, दर आणि त्यातली साखरेच्या प्रमाणाची अट, बँकेकडून हंगामासाठी वाढीव मर्यादा, हे सगळं डिसेंबरच्या आत ठरतं. त्या चर्चांत तुम्ही बसलात तर जानेवारीत पहिली ट्रॉली वजनकाट्यावर येईल तेव्हा तो दर तुमच्याही संमतीचा असेल. एप्रिलमध्ये आलात तर पैसे खर्च झालेले असतात आणि टाक्या भरलेल्या असतात, तुम्ही फक्त मोजायला आलेल्या असता.

शेतकऱ्यांच्या पेमेंटचं वेळापत्रक आम्ही कसं बसवतो त्याची एक शीट आहे, नावं काढून विपूत पाठवतो. बॅरलमधल्या साठ्याचं बँकेला द्यायचं विवरण कसं मांडायचं तेही त्यात आहे.

गोदाकाठ

नक्की पाठवा. सोमवारी त्यांना ऑक्टोबर कळवते, आणि बोर्ड मीटिंगची अट लेटरमध्ये मागते.

कर्जखाते

वाढीव मर्यादेचा अर्ज सप्टेंबरमध्येच द्यायला सांगा, तुम्ही रुजू होण्याआधी. सीएमए डेटात, म्हणजे कर्जासाठी बँकेला द्यायच्या आकड्यांच्या तक्त्यात, या हंगामाची खरेदी महिन्यानुसार दाखवा, वर्षाची सरासरी नको. सरासरी दाखवली की आमच्याकडे मर्यादा कमी मंजूर होते आणि मग फेब्रुवारीत तातडीच्या ॲडहॉक, म्हणजे तात्पुरत्या वाढीव, मर्यादेसाठी धावपळ होते.